सायकल मावेल अशी गाडी

या, असे पुढे सरकून बसा. मागे पंख्याचा आवाज फार येतो, आणि ही गोष्ट हळू सांगायची आहे. कीर्तनात बुवा आधी पूर्वरंग करतात, मग आख्यान लावतात. मला पूर्वरंग येत नाही, म्हणून देवाला हात जोडून सरळ आख्यानालाच लागते. आख्यान एका गाडीचं आहे. त्यात देव किती आणि पेट्रोल किती, ते ऐकून तुम्हीच ठरवा.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची, भिलाईची. माझे सासरे धोंडबाबुवा मूळचे भंडाऱ्याकडचे. पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा धानाची शेती भावाच्या हवाली करून आले आणि कोक ओव्हनला लागले. आठ तास भट्टीपुढे, उरलेला वेळ नारदाच्या गादीवर. कुरुद, जुनवानी, कुम्हारी, जिथं चार मराठी घरं तिथं बुवांचं कीर्तन. छत्तीसगडी बाया पुढे बसलेल्या दिसल्या की कथेतली कौसल्या त्यांच्या बोलीत बोलायला लागायची. हे सगळं फिरणं सायकलवर. बुवा सहा फुटांच्या वर, म्हणून सायकलही चोवीस इंची, काळीभोर. आमच्या घरात दुसऱ्या कुणाचे पाय तिच्या पायडलला पुरत नसत.

आदल्या दिवाळीत बुवा मोरीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, काठी घ्या आणि फिरा. बुवांनी काठी घेतली नाही आणि घराबाहेर पडणंही सोडलं. टाळ खुंटीवर, बुवा खुर्चीत.

एका सकाळी मी क्वार्टरच्या मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालायला गेले, तर बुवा सायकल धरून चालत होते. डावा हात हँडलवर, उजवा सीटवर. नळापासून पेरूच्या झाडापर्यंत, आणि परत. चाल हळू होती, पण पाऊल पडत होतं. सात फेऱ्या झाल्यावर त्यांनी मला पाहिलं.

"सूनबाई, पाह्यलं का?"

"पाह्यलं, मामंजी."

"मंग विसरून जाय. विजयले सांगू नको."

"कावून नको? त्यांना आनंदच होईल."

"तो काठी आनून देईन. काठी घेऊन गेलो तं लोक म्हनतीन, बिचारा. बिचाऱ्याचं कीर्तन कोनी आयकत नाई बाई, त्याले नुसता चहा पाजतेत. सायकल धरून गेलो तं म्हनतीन, बुवा आले."

मी तुळशीपुढे उभी होते. तिथं शब्द दिला की दिला.

संक्रांतीला कुरुदच्या गिरजाबाई वाणाला आल्या तेव्हा म्हणाल्या, "बुवा, रामनवमीचं कीर्तन औंदा तुमचंच. तुमी नाई आले तं पाळना कोन हलवन?" बुवा लगेच हो म्हणाले नाहीत. नारदाच्या गादीवर उभंच राहायचं असतं. बसून सांगितलं तर ते प्रवचन झालं, कीर्तन नव्हे. त्यांनी पेरूच्या झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "येतो."

नेमकं त्याच दिवसांत आमच्या घरी गाडी घ्यायचं चाललं होतं. माझे यजमान विजयकुमार कारखान्यात ऑफिसर झाले होते. बुवांनी जाहीर केलं, "गाडीत बसतो. पन माही सायकल अंदर आली पाह्यजे."

"बाबा, गाडी आहे म्हणजे सायकल कशाला?" हे म्हणाले.

"तू जेवाले जातो तं हात घरी ठेवून जातो का?"

"मग टपावर बांधू."

"टपावर सुटकेस बांधतेत."

हे माझ्याकडे वळले. "सुशीला, तू तरी सांग यांना."

मी सांगितलं, पण भलतंच. "अहो, टपावरून उतरवायला चार माणसं लागतील. मला एकटीला काढता येईल अशीच गाडी बघा." टपावरून सायकल उतरेपर्यंत बुवा गावासमोर कशाला धरून उभे राहणार, हे माझ्या डोळ्यांपुढे होतं. ते काही यांना सांगता येत नव्हतं. यांनी कपाळाला हात लावला. "एक होते, आता दोन झाले."

बुवांची साथ करायला टाळ घेऊन टिकाराम यायचे. ते कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये होते. ओतीव लोखंडाचा कुठलाही भाग करायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना ते बनवत. त्यांनी तोड काढली. "सायकल घेऊन दुर्ग-रायपूर फिरता का भाऊ? माप द्या मले. फट्ट्यायची सायकल बनवून देतो. हलकी. जिच्यात हे गेली, तिच्यात ते गेली."

मी माझ्या शिवणाच्या टेपनं माप घेतलं आणि कागदावर लिहून दिलं. लांबी चौऱ्याहत्तर इंच, उंची बेचाळीस. चार दिवसांनी टिकारामनी खोक्यांच्या फट्ट्यांची सायकल आणली. हँडल होतं, सीट होती, चाकांच्या जागी चौकटी. बुवा म्हणाले, "टिकाराम, घंटी राह्यली." टिकारामनी खरंच खिशातून घंटी काढून बसवली.

मग ती घंटीवाली फट्ट्यांची सायकल घेऊन आम्ही हिंडलो. अॅम्बॅसॅडरच्या डिकीत तिचं अर्धं धड गेलं. दुर्गला एका वकिलाच्या फियाटमध्ये गेलीच नाही, आणि वकीलसाहेब विचारत राहिले की हे नक्की कशाचं यंत्र आहे. मॅटाडोरमध्ये आरामात गेली, पण हे म्हणाले, "हिच्यात वऱ्हाड न्यायचं, की बाबांना?" असे दोन महिने गेले. रामनवमीला दहा दिवस उरले. अंगणातल्या फेऱ्या सातावरून एकवीसवर गेल्या होत्या.

तेव्हा आमच्याच सेक्टरातल्या आनंदरावांची बोकारोला बदली झाली आणि त्यांनी मारुती व्हॅन विकायला काढली. मागचं दार वर उघडणारं, आतला तळ खाली. मी एकटीनं सायकल सहज काढली असती. मागची सीट उचलली, फट्ट्यांची सायकल आत सारली, पुढची चौकट दोन सीटांच्या मधल्या फटीत टेकली. आनंदरावांनी दार खाली आणलं. बंद होईना. इंचभर राहिलं.

"तिरपी करा," आनंदराव म्हणाले. केली. होईना.

टिकाराम फट्ट्यांकडे पाहत राहिले. "माप म्हंजे माप. नाई मावत."

"परवा एक जण पाहायला येणार आहेत," आनंदराव म्हणाले. "ठेवून घेऊ का, सांगा."

हे नको म्हणाले. घरी आल्यावर बुवांना म्हणाले, "बाबा, मी फियाट घेतो आणि तुम्हाला चांगली वेताची काठी घेतो. हट्ट पुरे झाला." बुवांनी मान खाली घातली. एवढंच बोलले, "गिरजाबाईले निरोप धाड. दुसरा बुवा पाहा म्हना."

निरोप त्या दिवशी गेला नाही, आणि मला जेवणही गेलं नाही. शब्द मोडावा तर तुळस, न मोडावा तर रामनवमी. दुसऱ्या दिवशी दुपारी फट्ट्यांची सायकल अंगणात आडवी पडली होती. चिडून मी शिवणाचा टेप आणला आणि ती मोजली. साडेपंचाहत्तर. पुन्हा मोजली. साडेपंचाहत्तर. कागद काढला. माझ्याच अक्षरात चौऱ्याहत्तर.

टिकाराम शिफ्टवरून आमच्याकडे येताच त्यांना दारातच गाठलं. "भाऊ, तुम्ही कोणत्या पट्टीनं मापलं?"

"माह्या पट्टीनं. ड्युटीच्या. वीस वर्सं झाले, हातातलीच हाये."

त्यांनी पिशवीतून पट्टी काढली. मी तिच्या शेजारी टेप धरला. पट्टीचा फूट माझ्या फुटापेक्षा पाव इंच लांब. टिकाराम उंबऱ्यावरच बसले.

"वयनी, घात झाला. लोखंड वितळलेलं ओततेत ना, ते थंडं झालं का आखडते. म्हनून आमची पट्टीच मोठी असते, आखडाची जागा धरून. मी सायकल नाई बनवली. मी तं वतीव लोखंडाचा साचा करून राह्यलो होतो."

आतून बुवा म्हणाले, "म्हंजे माही सायकल थंडी व्हाची वाट पाहून राह्यलो का आपन?"

कितीतरी दिवसांनी त्या घरात हसू फुटलं. हे ऑफिसातून आले तर तिघं हसत होतो. ऐकल्यावर हेही हसले, मग स्वतःशीच म्हणाले, "दोन गल्ल्या सोडून आनंदरावांचं घर. पहिलेच सायकल घेऊन गेलो असतो तर?"

"ते तुमाले सुचत नाई," बुवा म्हणाले. "कारखान्याचा मानूस वस्तूवर भरोसा ठेवत नाई, नमुन्यावर ठेवते."

यांनी सायकल धरली आणि फाटकाकडे निघाले. "चला बाबा, तुमच्यासमोरच मापू."

बुवा खुर्चीतून उठले. सायकल यांच्या हातात, पुढे दहा पावलांवर. बुवांनी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि त्यांचा हात हवेत सीट शोधू लागला. सापडली ती भिंत. मी धावले नाही. का, ते माझं मलाच अजून कळत नाही. हे वळून पाहत होते. वडिलांच्या हाताकडे पाहिलं, मग सायकलच्या सीटकडे. तिथं कातडं बोटांच्या घामानं गुळगुळीत झालं होतं. मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली, आणि तेवढ्यानं त्यांना सगळं कळलं.

हे सायकल वळवून परत आले. हँडल बापाच्या डाव्या हातात दिलं.

"मी कावून घेऊन चाललो हिले," हे म्हणाले. घरात सुद्धा हिंदी-मराठी ऑफिसरी बोलणारा माणूस, त्या दिवशी बापाच्या बोलीत बोलला. "तुमची हाये. तुमीच घेऊन चाला."

सेक्टरच्या रस्त्यावरून आम्ही निघालो. बुवा सायकल धरून, हे दुसऱ्या बाजूनं, मागे मी आणि टिकाराम. शिफ्ट सुटली होती. सायकलींचा लोंढा घराकडे येत होता. शेजारच्या शकुबाई फाटकाशी उभ्या होत्या. त्या हाक मारून म्हणाल्या, "आवो, बुवा निघाले वाटते." बुवांनी माझ्याकडे वळून फक्त भुवई उडवली.

व्हॅनचं दार बंद झालं, आणि वर अर्धा इंच जागा उरली.

रामनवमीला कुरुदला आम्ही व्हॅनमधून गेलो. पुढे बापलेक, मागे सायकलीशेजारी पाटावर मी, मांडीत पाळण्याची फुलं. गावात शिरताच मी दार उघडलं, सायकल एकटीनं उतरवली आणि बुवांच्या हाताशी नेली. मंडपापर्यंत ते तिला धरून चालत गेले. गादीशेजारी ती स्टँडवर लावली, आणि एक हात सीटवर ठेवून बुवा उभे राहिले. गिरजाबाईंनी बुक्का लावला, टिकारामनी टाळ धरला, कौसल्या छत्तीसगडीत बोलायला लागली. बाराच्या ठोक्याला पाळण्याची दोरी हलली. सगळ्या मंडपानं टाळी धरली आणि बुवांनीही धरली, दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर. सीटवर कुणाचाच हात नव्हता. हे माझ्याशेजारी बसले होते. मी पाहिलं, तर ते रामाकडे पाहत नव्हते, बापाच्या पायांकडे पाहत होते.

त्यानंतर बुवांनी पाच वर्षं कीर्तनं केली, आणि काठीला हात लावला नाही.

तर मंडळी, एवढंच मागणं आहे. रस्त्यात कुणी म्हातारा सायकलवर न बसता ती नुसती धरून चाललेला दिसला, तर हॉर्न वाजवू नका. त्याला वाट द्या, रामराम घाला, आणि मनातल्या मनात आमच्या धोंडबाबुवांची आठवण काढा.