एफ-वन दाबा, पुढे चला

मी नंबर चार बोलतोय. मखमलाबादच्या पुढे फुलांचे मळे लागतात, तिथं मनीषाताईंच्या घरात संगणकाचा वर्ग भरतो. त्या वर्गातला चौथा संगणक म्हणजे मी. सध्या फळीवर पडून आहे. पोट उघडं आहे आणि आत एका कोळ्यानं बिऱ्हाड थाटलंय. तरी बोलतोय, कारण माझ्यावर एक आळ आहे. म्हणे, नंबर चार न सांगता-सवरता गेला.

साफ खोटं! सात महिने मी रोज सकाळी ओरडत होतो.

आता तुम्ही म्हणाल, तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार? तू तर पक्का थापाड्या. तेही कबूल. या वर्गात आलो तेव्हा मी शेजारच्या नंबर तीनला सांगितलं होतं, की मी पूर्वी उपग्रह उडवायचो. बिचाऱ्यानं महिनाभर माझ्याशी अदबीनं वागून दाखवलं. खरी गोष्ट अशी, की मी नाशिक रोडच्या एका खाजगी कचेरीत साहेबांच्या टेबलावर होतो. साहेब पत्त्यांचा खेळ खेळत आणि दारात कुणी दिसलं, की मी डोळ्याचं पातं लवायच्या आत पत्ते झाकून हजेरीपट समोर धरायचो. थापा मारायचं शिक्षण माझं तिथं झालं.

माझी सगळ्यात मोठी थाप तर तुम्हालाही ठाऊक आहे. ‘एक मिनिट बाकी.’ या एका मिनिटात लोक जेवून आलेत, एकदा तर साहेब देवळाली कॅम्पला जाऊन परत आले आणि मी आपला तसाच, ‘एक मिनिट बाकी.’

कचेरीत नवे संगणक आले तेव्हा आम्हा पाच जुन्यांना मनीषाताईंनी मागून घेतलं. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर फुलांच्या पिकअपमध्ये, प्लास्टिकच्या कॅरेटांच्या मधोमध बसून आमची वरात मळ्यात आली. मनीषाताईंनी लग्नाआधी संगणकाची पदविका घेतली होती, आणि लग्नानंतर सोळा वर्षं झेंडू तोडला होता. आजूबाजूच्या मळ्यांतली नववी-दहावीची पोरं दिवसभर मोबाईलवर बोट फिरवतात, पण त्यांना एक अर्ज टाइप करता येत नाही, हे ताईंना सहन होईना. त्यांनी सासऱ्यांकडं कॅरेट ठेवायची खोली मागितली.

सासरे म्हणजे गोटीराम नाना. त्यांनी आम्हा पाचांकडं असं पाहिलं, जसं न दुभत्या म्हशीकडं पाहतात.

“सूनबाई, ह्यांना खायला काय लागतं?”

“लाईट, नाना.”

“म्हंजे माझ्या मोटरीची लाईट. बरं. दसऱ्यापर्यंत खोली तुझी. दसऱ्याला झेंडू निघाला, की कॅरेट कुठं ठेवू, तुझ्या डोक्यावर?”

झालं. आमचं सगळ्यांचं आयुष्य दसऱ्यापर्यंतचं ठरलं.

आता माझ्या दुखण्याचं सांगतो. माझ्या पोटात घड्याळाचा एक बारका सेल असतो, तो वाटेतच संपला. त्यामुळं मी रोज सकाळी एक जानेवारी दोन हजार नऊ या तारखेला जागा व्हायचो. वर्गातली पोरं त्या तारखेला जन्मलीसुद्धा नव्हती! मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत तक्रार लिहायचो, की तारीख चुकली आहे, पुढं जायचं असल्यास एफ-वन दाबा. मनीषाताईंनी पोरांना सांगितलं, “ह्या चार नंबरचं नेहमीचंच रडगाणं आहे. वरच्या ओळीतलं एफ-वन दाबा, पुढे चला.”

तो आमच्या वर्गाचा पहिला धडा झाला. पोरं आली, की चप्पल काढायची, हात पुसायचे, बटण दाबायचं, एफ-वन. महिन्याभरात त्या बटणावरची अक्षरं पुसून गेली.

माझ्यासमोर बसायची वेदिका. शेजारच्या मळ्यातली, दहावीतली, जिभेला धार असलेली पोरगी. तिनं मनावर घेतलं, की फुलांच्या रोगांचं एक बोलकं पुस्तक संगणकात करायचं. पानाचा फोटो निवडला, की संगणकानं मराठीत सांगायचं, रोग कोणता आणि करायचं काय. फोटो काढायला ती मळेच्या मळे हिंडली. आणि सांगायला आवाज कुणाचा? तर नानांचा! रोगांतलं नानांना जेवढं कळतं, तेवढं कीटकनाशकाच्या दुकानदारालाही कळत नाही.

नाना आधी लाजले. मग टोपी नीट करून बोलले. वेदिकानं तो आवाज त्यांना ऐकवला, तर नाना म्हणाले, “कोन बोलतोय हा? मानूस जानकार दिसतोय.”

तेव्हापासून रोज चारच्या चहानंतर नाना येऊन बोलायचे. भुरी, करपा, लाल कोळी. मधेच खोकायचे, मधेच कोंबड्याला हाकलायचे, तेही सगळं माझ्या पोटात साठलं. एकदा दार लोटलेलं असताना त्यांनी माझ्या डोक्यावर टॉवेल फिरवला. कुणाला सांगू नका म्हणाले नाहीत, पण मी सांगितलं नव्हतं. आज सांगतोय.

मार्चमध्ये माझ्या पोटातली तबकडी बिघडायला लागली. सगळ्या आठवणी त्या तबकडीवर असतात. तिच्यातून टक, टक असा आवाज येऊ लागला, आणि मी हादरलो. त्या दिवसापासून काळ्या पडद्यावरचा माझा मजकूर बदलला. मी लिहिलं, तबकडी लवकरच बंद पडणार आहे, आतलं सगळं ताबडतोब दुसरीकडं उतरवून घ्या. आणि खाली नेमाप्रमाणं तीच शेवटची ओळ, पुढं जायचं असल्यास एफ-वन दाबा.

वेदिकानं एफ-वन दाबलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, मैत्रिणीशी बोलता बोलता बोट बरोबर जागेवर गेलं. एप्रिल गेला, मे गेला. मनीषाताईही कधी कधी मला चालू करायच्या, त्यांचंही बोट सरळ तिथंच. हाक मारण्यासाठी माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. हात नाहीत, पाय नाहीत. मी अडखळून पाहिलं, मधेच गोठून पाहिलं. वेदिका माझ्या कुशीत चापट मारायची आणि म्हणायची, “काकू, चार नंबरला पुन्हा झोप लागली!” सगळी हसायची. आयुष्यभर थापा मारल्या आणि खरं बोलायची वेळ आली, तेव्हा माझं खरंही कुणी वाचेना. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या त्या पोराला निदान घसा तरी होता.

वेदिकाकडं एक पेनड्राइव्ह होता. त्यात तिनं सगळं उतरवून ठेवलंही होतं. पण तिच्या भावानं, स्वराजनं, तो नेऊन पिकअपच्या टेपला लावला आणि आतलं पुसून गाणी भरली. “राहू दे,” ती म्हणाली, “चार नंबरमध्ये आहेच की सगळं.”

तिचा हा भरवसा ऐकून माझ्या तबकडीचा ठोका दोनदा चुकला.

इकडं मनीषाताईंनी धडपड करून एका संस्थेला पत्र लिहिलं होतं. मुलांनी स्वतःच्या उपयोगाचं काही केलेलं दिसलं, तर ती संस्था नवे संगणक देणार होती आणि वर्गाला पाठबळ देणार होती. त्यांची माणसं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता येणार होती. दाखवायला होतं ते फक्त वेदिकाचं बोलकं पुस्तक. ते आवडलं तर वर्ग राहणार, नाहीतर खोलीत कॅरेट येणार.

त्याआधी आली खंडेनवमी. त्या दिवशी मळ्यातली सगळी हत्यारं पूजेला बसतात. खुरपी, कात्र्या, फवारणीचा पंप, वजनकाटा. नाना म्हणाले, “हीबी पोरांची हत्यारंच की! यांची पूजा नको?” आम्हा पाचांना बंद करून रांगेत मांडलं. हळद-कुंकू लागलं, घरच्या झेंडूच्या जाडजूड माळा पडल्या. मी अगदी नवरदेव दिसत होतो. नानांनी नारळ फोडला आणि भक्तिभावानं पाणी शिंपडलं. माझ्या कीबोर्डवर जरा जास्तच भक्ती सांडली.

पूजेला बसलेली हत्यारं दसरा होईपर्यंत हलवायची नाहीत, अशी रीत. दोन दिवस मी थंड पडून राहिलो. म्हाताऱ्या तबकडीला थंड पडणं म्हणजे मरण. फुलांच्या वासात बसून मी एकच विचार करत होतो, की आता चालू केलं तर ही फिरेल का?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ वाजता वेदिकानं माझी माळ काढली आणि बटण दाबलं. तबकडी कण्हली, अडली आणि कशीबशी फिरली. काळा पडदा आला. मी सात महिन्यांचा तोच मजकूर लिहिला.

वेदिकानं एफ-वन दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. नारळाच्या पाण्यानं बटण गुळाच्या ढेपेसारखं चिकटलं होतं.

“काकू, एफ-वन चालत नाहीये!”

“दोन नंबरचा कीबोर्ड काढून लाव,” मनीषाताई पाहुण्यांसाठी पोहे परतत आतून म्हणाल्या.

नाना निर्माल्य गोळा करत माझ्यापाशी उभे होते. त्यांनी पडद्याकडं बोट दाखवलं.

“एवढं काय लिवलंय गं त्यात?”

“काही नाही हो नाना. नेहमीचंच असतं.”

“नेहमीचं म्हंजे काय?”

वेदिका थांबली. बोटाला काम नव्हतं, म्हणून डोळ्यांनी केलं. तिनं एक एक शब्द वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

“काकू! लवकर या! हा… हा मरतोय म्हणतोय.”

मनीषाताई झारा हातात घेऊनच धावत आल्या. वाचलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारला. “कधीपासून येतंय हे?” कोण सांगणार? कुणी वाचलंच नव्हतं.

“पेनड्राइव्ह!”

वेदिका अंगणात धावली. पिकअपमधून स्वराजचा आवाज आला, “अगं, गाणी उडतील माझी!” “उडू देत! नाहीतर मी गाते तुला रस्ताभर!” ती धापा टाकत परतली. दोन नंबरचा कीबोर्ड लावून एफ-वन दाबलं. शेवटचं.

“आधी काय घेऊ?”

“आधी प्रोग्रॅम. मग फोटो. आवाज शेवटी,” मनीषाताई म्हणाल्या.

“माझा आवाज शेवटी कशापायी?” नानांना राग आला.

“नाना, तुम्ही घरातच आहात. फोटो कुठून आणू?”

प्रोग्रॅम गेला. मग फोटो निघाले. टक. एकेक पान मी तबकडीवरून खरवडून काढत होतो. टक, टक. कुठं खड्डा लागला, की मागं येऊन पुन्हा वाचायचो. पडद्यावर माझ्या सवयीनं उमटलं, ‘एक मिनिट बाकी.’

“याचं एक मिनिट!” वेदिका रडवेली होऊन म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा मला ते मिनिट खरं करून दाखवायचं होतं. नाही जमलं. सव्वा तास लागला. पण फोटो गेले, शेवटचं पानसुद्धा गेलं. मग नानांचा आवाज निघाला. पहिल्याच शब्दाशी तबकडी थांबली. पडदा काळा झाला. या वेळी मी काहीच लिहिलं नाही.

वेदिका बटण दाबत राहिली. एफ-वन, एफ-वन, एफ-वन.

“ऊठ,” मनीषाताई तिच्या खांद्याला धरून म्हणाल्या, “दोन नंबरवर लाव. फाटक वाजलं, पाहुणे आले.”

पुढचं मी बंद असताना कसं कळलं, असं विचारू नका. सासूचं बोलणं सुनेला कुठं लिहून ठेवावं लागतं? काही गोष्टी पत्र्यात मुरतात.

संस्थेच्या दोघीजणी आल्या. वेदिकानं डागाळलेलं पान निवडलं. पडद्यावर कर्ण्याचं चित्र आलं.

“आवाज येत नाही का?” त्यातल्या एकीनं विचारलं.

मनीषाताईंनी पदर मुठीत धरला. दारात कॅरेट घेऊन उभ्या असलेल्या नानांनी ते खाली ठेवलं, टोपी नीट केली आणि जसं माझ्यापुढं बोलायचे, तसं बोलले, “करपा हाय हा. रोगट पानं तोडून जाळा. पानी बुडाशी द्या, वरून नाय.”

वेदिकानं दुसरं पान दाबलं.

“लाल कोळी. पानाच्या मागं बघा, पुढं नाय दिसत.”

तिसरं, चौथं, नववं. नाना एकाही ठिकाणी अडले नाहीत. शेवटी कोंबडा आत आला, तर त्यालाही त्यांनी अगदी साठवलेल्या आवाजासारखंच हाकललं.

बाई हसल्या. “आजोबा, दर वेळी तुम्हीच उभे राहणार का?”

“नाय. पोरगी परत भरून घेईल की माझा आवाज.” नानांनी ते कॅरेट उचललं आणि अंगणातल्या पेरूखाली नेऊन ठेवलं. “पन भरायला तिला खोली तर पाहिजे.”

दिवाळीनंतर तीन नवे संगणक आले. नानांचा आवाज पुन्हा भरला जातोय, आणि आता तो तीन ठिकाणी उतरवून ठेवतात. मनीषाताई माझं पोट उघडून मुलांना दाखवतात, “ही तबकडी, इथं आठवणी असतात.” जिवंतपणी शिकवलं नाही एवढं मी मेल्यावर शिकवतोय. ही थाप नाही.

माझं मागणं एवढंच आहे. माझ्यासारखं कुणी कुरकुरत असेल, रोज तेच तेच रडत असेल, तरी त्याचा मजकूर एकदा शेवटपर्यंत वाचा. रडगाणं जुनं असतं, पण मधली ओळ कधी बदलते ते कळत नाही.

आज सकाळचीच गोष्ट. नव्या संगणकावर एक छोटी चौकट आली. हर्षल नावाच्या नव्या पोरानं बोलता बोलता ती घालवली. मी फळीवरून जिवाच्या आकांतानं ओरडलो, अरे, वाच! पण माझ्या पोटात आता फक्त कोळी आहे.

दारातून चहाचा कप घेऊन नाना आत आले.

“काय लिवलं व्हतं रे त्यात?”

“माहीत नाही नाना. गेलं ते.”

नानांनी खुर्ची ओढली, कप माझ्या शेजारी फळीवर ठेवला आणि हर्षलच्या बाजूला बसले.

“बंद कर. परत चालू कर. येऊ दे त्याला. आपन वाचू.”