उषाबाईंनी न उघडलेली पेटी

मी एक जुनी काच आहे. साधी खिडकीची नव्हे हं! माझ्या अंगावर फोटोच्या रसायनाचा जाड थर आहे. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत मिट्ट काळोखात मला घडवले. शिशाचा पत्रा, मग मी, पुन्हा पत्रा, मग माझी बहीण, अशी आमची चळत एका पेटीत बंद झाली. पेटी भल्यामोठ्या फुग्याला बांधून आकाशात सोडली.

मित्रांनो, आकाशातून सतत विश्वकिरण येत असतात. त्यांतला एखादा कण शिशाच्या अणुकेंद्रावर आदळला की नव्या कणांचा फवारा उडतो. तो फवारा माझ्या अंगावर बारीक रेघा ओढतो. फवारा जितका अरुंद, तितकी येणाऱ्या कणाची ऊर्जा जास्त. रेघांमधले कोन मोजून ती काढतात. पण रसायनात धुऊन रेघा पक्क्या होईपर्यंत मला उजेड मुळीच चालत नाही. पेटी उघडली की सगळे काळे!

आणि नेमकी तीच पाळी आली. फुग्यापासून सुटून हवाई छत्रीने उतरलेली आमची पेटी परतूरजवळ कारभारी नावाच्या शेतकऱ्याच्या हरभऱ्यात पडली. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. शेजारचे भागवत पहार घेऊनच धावले.

"फोडा हे! ह्या पेटीनंच ढग पळवले."

कारभारींनाही ते पटू लागले. माझी तर पाचावर धारण बसली. तेवढ्यात कारभारींच्या पत्नी उषाबाई आल्या आणि चक्क पेटीवर बसल्या.

"भाऊजी, पाऊस गेल्ता भादव्यात. हे पडलं आज. मंग ह्यानं ढग कसे पळवले?"

"मंग कशाला आलंय हे?"

"मला काय म्हाईत? वर लिव्हलंय, उघडू नका. नंबर बी हाय. ज्याचं हाय त्यालाच इचारू."

भागवत पहार खांद्यावर टाकून माघारी वळले. उषाबाईंनी फोन लावला आणि पेटी घरात नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञ भार्गवीताई आल्या. चार वर्षे खपून त्यांनी हा प्रयोग उभा केला होता, आणि दुसरा फुगा मिळणार नव्हता. दारातूनच त्यांनी विचारले, "काकू, उघडली नाही ना?"

"बिलकुल न्हाई."

भार्गवीताई ओट्यावर मटकन बसल्या आणि रडता रडता हसू लागल्या. हुश्श! माझाही जीव भांड्यात पडला.

पुढे रसायनात न्हाऊन मी लख्ख झाले. माझ्या एका कोपऱ्यात फवारा सापडला, अगदी अरुंद. त्या प्रयोगात मोजलेली सगळ्यांत मोठी ऊर्जा त्याच कणाची निघाली. मी फुशारले, कबूल करते.

या हिवाळ्यात भार्गवीताई मला आणि सूक्ष्मदर्शकाला घेऊन गावात आल्या. उषाबाईंनी डोळा लावला. मग भागवतांनी लावला, तो बराच वेळ काढलाच नाही.

"मी पहार उचलली, तवा हे आतच व्हतं?"

"आतच होतं, काका."

भागवतांनी टोपी काढून हातात घेतली. "वहिनी, लई बरं झालं तुम्ही बसल्या."

मित्रांनो, न समजणारी वस्तू समोर आली तर फोडण्याआधी कुणाला तरी विचारा. माझ्या अंगावर आज रेघा आहेत, त्या एका बाईने विचारले म्हणून.