बाचं केंड

दुपारच्या भरतीचं पाणी घेऊन मी घरात आले, तर काचेची पेटी रिकामी होती. तळाची वाळू ढवळलेली होती आणि पाणी अजून हलत होतं.

पेटीत बाचं केंड असायचं. केंड म्हणजे भ्यालं की टम्म फुगणारा मासा; हे होतं लिंबाएवढं. जाळ्यात केंड आलं की आमच्याकडे शिवी देऊन परत फेकतात, कारण त्याच्या पोटात विष असतं. शिडाच्या होडीवर जन्म काढलेल्या माझ्या बाने मात्र एवढं एक घरी आणलं. अलिबागच्या कुठल्याशा बंगल्यातून मोडकी पेटी आणून तिच्या सांध्यांना होडीची राळ लावली.

"शिवदास, जावई पाळलास का रं?" शेजारी विचारायचे.

"जावयापरीस बरा. कमी खातो."

बा दिसला की ते काचेशी यायचं. बारके खेकडे कडाकड फोडून खायचं.

बा तापाने गेला. शाळेतून रजा काढून मी आले, आणि पेटीला पाणी आणायचं काम माझ्याकडे आलं. आई तिच्याकडे बघायचीही नाही.

आमच्या घरी सुतक सुटतं ते तिखट जेवणाने. त्यातली मासळी गेलेल्याच्या हातची लागते आणि पहिला घास त्याच्या बायकोने खायचा असतो. बाने सुकवलेले बोंबील त्यासाठी माळ्यावर ठेवले होते. पण सकाळी सखूआत्याने गाठोडं सोडलं तर आत सगळ्या अळ्या.

"आता माझ्या भावाच्या हातचं घरात काय राहिलं?" आत्या बोलून गेली.

आईने मान वळवून पेटीकडे पाहिलं होतं. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं.

आता स्वयंपाकघरात चुलीवर टोप रटरटत होता. आत्या शेजारी गेलेली. आईपुढे एकच ताट होतं. बा गेल्यापासून तिने केस विंचरले नव्हते. आज विंचरले होते.

"आये, केंड कुठं हाय?"

"पाणी ठेव खाली. सांडशील."

टोपावरचं झाकण काढायचा मला धीर झाला नाही.

"मलाबी वाढ," मी म्हणाले. टोपात वावगं काही नसेल तर वाढेल, असं मला वाटलं.

डाव हातातच थांबला. "पयलं मी. तू मागून."

रीत तीच होती, त्यामुळे काहीच कळलं नाही. पुस्तकांत मी मरण पुष्कळ वाचलं होतं; तिथे माणसं आधी काहीतरी बोलतात. आई भात कालवत होती.

मी तिचं ताट ओढलं, घास उचलला आणि तोंडाशी नेला.

तिने हातावर फटका मारला. भात भिंतीवर उडाला.

"म्हणजे हाय त्यात," मी म्हणाले.

"न्हाय."

"मग मारलंस का?"

"हाय समजून खात हुतीस. माझ्यादेखत."

"आणि तू काय करणार हुतीस?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "विळीवर धरलं. तर हातातच फुगलं. तुझा बा रुसला की असाच फुगायचा. नुसतं चिंचेचं पाणी उकळलंय."

मोरीत बालदी होती. केंड पोट वर करून तरंगत होतं. ते मेलं असं मला वाटलं. मग त्याच्या तोंडातून बुडबुडे निघाले, पोट बसलं, आणि ते तिरकं होत तळाला गेलं.

"मी हे आत्ताच्या आत्ता समुद्रात सोडून येते."

"नको." तिने बालदीची कडी धरली. "त्याला खेकडे कोण देल तिथं? काचंतलं हाय ते. राहू दे, रतन. मी देईन."

तिच्या बोटांना विळीचा ओरखडा होता. मी कडी ओढली असती तर तिने सोडली असती. सोडून मग काय केलं असतं, ते मला माहीत नव्हतं. केंड घरात ठेवायचीही तितकीच भीती वाटत होती.

मी पेटीत नवं पाणी ओतलं आणि केंड आत सोडलं.

आत्या आली, भिंत पाहून उंबऱ्यातच थांबली. "कावळ्याला भिंतीवर वाढलंत व्हय?"

आईने फडकं घेऊन भिंत पुसून काढली.

ओहोटी लागल्यावर आई खडकांत खेकडे वेचायला गेली. मी तिच्या मागे होते, हात पुढे केला तर पदर हाती येईल इतक्या जवळ.