बुरुजाची मागणी

चाकणच्या पुढे, शेतांच्या मधोमध एक भुईकोट किल्ला आहे. खंदक, दरवाजा, चारही बुरूज, सगळं अजून धड. १९७४च्या माघात मी तो पाहायला गेले, तेव्हा उत्तरेच्या बुरुजापाशी दोनशे माणसं दाटली होती.

किल्ला इतका टिकला कसा, याचं उत्तर बुरुजाखाली बसलेल्या महाराजांकडे होतं. बुरुजाच्या पायाभरणीत एक सून गाडलेली आहे. तिला आता सोबत हवी. जिचा हळद लावलेला हात भिंतीवर लाल उमटेल, तिला बुरुजानं मागितलं. तिची कूस उजवणार नाही. तिनं सासर सोडावं. "मी कोण सांगणारा? मी नुसतं टपाल पोचवतो," असं ते दर पाच मिनिटांनी म्हणत.

त्या दिवशीचं टपाल रंभाच्या नावाचं होतं. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. नवरा पिंपरीला कंपनीत, पहिल्या शिफ्टला. सासरे सोपानराव आणि सासू आक्काबाई तिला घेऊन आले होते. गेल्या गुरुवारी महाराज त्यांच्याकडे जेवून गेले होते, असं शेजारच्या बाईनं मला सांगितलं. बैलगाडीत रंभाची ट्रंक आधीच चढवलेली होती.

तिच्याआधी पाच बायकांचे हात पिवळे उमटले. त्यांना महाराजांच्या शिष्यानं दरवाजाच्या बाजूला नेलं होतं. रंभाला मात्र "इकडं या, माउली" म्हणत भिंतीतल्या कोनाड्याशेजारी नेलं. तिनं हात टेकला, काढला. ठसा लाल, तळवाही लाल. बायका दोन पावलं मागं सरकल्या.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. कोनाड्यापाशी जाऊन पाहिलं. बाकीच्या भिंतीचा चुना दगडासारखा वाळलेला. इथला हातभर तुकडा ओला, नखानं निघणारा.

सोपानरावांना म्हटलं, एकदा तुम्हीही हात टेकवून पाहा.

"बाप्याचं काय काम हितं?"

"काम नसेल तर पिवळाच उमटेल."

बुरूज कोपेल, असं महाराज म्हणू लागले. पण सोपानराव हट्टी निघाले. हळद फासून त्यांनी सुनेच्या ठशाशेजारी हात टेकला. लाल.

"तात्या, तुमालाबी सून म्हनून मागितलंय व्हय?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. सगळे हसले, रंभा सोडून.

महाराजांच्या पुढ्यातलं लिंबू उचलून मी तिच्या तळव्यावर पिळलं. लाल गेलं, हात पुन्हा पिवळा झाला.

आक्काबाई वाकून बघत होत्या. "हळद आन् चुना," त्या हळूच म्हणाल्या. "घरी कुंकू करताना दर येळी बघतो की आमी. आन् मी हिची ट्रंक भरली."

ताज्या चुन्यानं हळद लाल होते, आंबटानं पिवळी. जुना, वाळलेला चुना काही करत नाही. शिष्याच्या पिशवीत चुन्याचं मडकं सापडलं. तोवर महाराज खंदकापलीकडे गेले होते.

सोपानराव गाडीकडे वळले, तेव्हा रंभा पहिल्यांदा बोलली. "घरी गेल्यावर ट्रंक मी उतरवनार न्हाई, मामंजी. ज्यांनी चढवली त्यांनी उतरवावी."

सोपानरावांनी मान डोलावली.

तो किल्ला गवंड्यांनी नीट बांधला, म्हणून टिकला. एखादी भिंत तुमच्या घरातलं माणूस मागू लागली, तर माणूस देण्याआधी त्या भिंतीला नख लावून पाहा.