आवडाबाईंची गच्ची आणि फुकटाचं नेट

आवडाबाई बाजारात शिरल्या की कोळणी पापलेटांच्या पाटीवर फडकं टाकतात, अशी त्यांच्या घासाघिशीची ख्याती. म्हणजे तसं आवडाबाईच सांगायच्या.

डोंबिवलीच्या गावठाणात त्यांची दुमजली चाळ. वर गच्ची, खाली सहा भाडेकरू. तिथे विकी नावाचा पोऱ्या नेटचा कागद घेऊन आला. म्हणाला, "शंभरचा स्पीड, महिना सहाशे."

"चारशेला दे."

विकीनं कपाळ धरलं, बाहेर जाऊन फोन केला नि पडेल तोंडानं परतला. "आजी, फक्त तुमच्यासाठी तीनशे नव्व्याण्णव. माझी नोकरी जाईल!"

पोराची दया येऊन आवडाबाईंनी त्याला सुकट-भाकर वाढली. जेवता जेवता त्यानं हळूच सुचवलं, गच्चीवर कंपनीची पेटी बसवू द्या, तुमचं नेट फुकट. भाडेकरूंना मात्र तुम्ही पटवायचं. आवडाबाईंनी सहाही दारं ठोठावली. "मी पाडलेला भाव हाय, घ्या बिनघोर. काय झालं तर मना धरा." फुकटाचं तेवढं पोटात ठेवलं.

विकीनं भरदुपारी मोबाइलवर स्पीडचा काटा शंभरावर नेऊन दाखवला. चाळीत तेव्हा होतं कोण? संध्याकाळी सहा घरांत टीव्ही लागले की हळदीच्या जेवणात शेवटच्या पंगतीला नुसता रस्सा यावा, तसं नेट येई. त्यात भाडेकरूंना चौथ्या महिन्याचं बिल आलं सातशेवर.

तळमजल्यावरची योगिनी घरूनच कंपनीचं काम करायची. ती येऊन उभी राहिली. "मावशी, मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो. साहेबांनी आठ दिवस दिलेत. तुमच्या शब्दावर घेतलं हो. आता सोडायचं तर दंड सांगतात."

शब्दाचं नाव निघालं नि आवडाबाईंनी नवं लुगडं काढलं. दोघी ठाण्याला कंपनीच्या ऑफिसात निघाल्या.

खोपटला एसटी डेपोसमोरच कंपनीचा फलक होता. योगिनीनं मोठ्यानं वाचला, "सर्वांसाठी, फक्त तीनशे एकोणपन्नास."

आपण पाडलेल्या भावापेक्षा पन्नास कमी! आवडाबाईंना एकदम एसटी बघण्यात रस वाटू लागला.

ऑफिसातल्या सुदेशनं कागदाच्या तळाची मुंगीएवढी अक्षरं वाचून दाखवली. "शंभर'पर्यंत' लिहिलंय, आजी. दर पहिल्या तीन महिन्यांचा, कर वेगळा. वर्षाआत सोडलं तर घरटी दोन हजार दंड."

"पर्यंत? मी तुला दहा हजारांपर्यंत पगार देते बोलले नि हातावर पाचशे टेकवले, तर चालंल?"

"सही आहे ना सगळ्यांची."

योगिनीचे डोळे भरले. आवडाबाईंच्या हाती एकच काठी उरली होती, गच्ची. पण ती उगारायची तर पोटातलं ओठावर येणार. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला एवढा हिशोब कळत होता. गिळावं की बोलावं?

"ते सहाजन बिनदंडाचे सोड. नायतर उद्या माझ्या गच्चीवरची पेटी खाली."

सुदेशनं कॉम्प्युटरात डोकावलं. "पेटीचा मोबदला तुम्हाला मिळतोय की. तुमचं कनेक्शन तर..."

"थांब! मीच सांगते." त्या योगिनीकडे वळल्या. "बाय, माझं फुकट हाय. तुमी भरायचं नि मी मालिका बघायची. भाव पाडला बोलून मिरवले, खरी तर दलाली खाल्ली. तीपन सुकट-भाकर घालून!"

योगिनीनं डोळे पुसले नि खुर्ची जरा लांब सरकवली.

"आता माझंपन तोड रे," त्या सुदेशला म्हणाल्या. "पन यांना आधी सोड."

त्या पेटीवर अख्ख्या आळीची चाळीस घरं चालत होती. सुदेश आत गेला, वरच्या साहेबांशी बोलला नि सहा घरांचा दंड माफ करून आला.

"कागदावर दे," आवडाबाईंनी टेबलावर हात आपटला, "नि अक्षर मोठं काढ. बारीक अक्षरापायी लई पैसं गेलं माझं."

"तुमचे कुठे गेले, मावशी?" योगिनी म्हणाली.

आवडाबाईंनी पदरानं चष्मा पुसायला घेतला.