सासूबाईंचं औषध

चष्म्याच्या दुकानामागच्या पायरीवर एक भटकी मांजर यायची. खाऊन झालं की ढुंकूनही न बघता निघून जायची, म्हणून चष्मेवालीने तिचं नाव सासूबाई ठेवलं होतं. आठवडाभर सासूबाईंचा डावा डोळा चिकटलेला होता. दहा दिवस रोज एक गोळी पोटात गेली नाही, तर डोळा हातचा जाईल, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी गोळी हुंगली आणि पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी चष्मेवालीने ती माशात लपवली. मासा फस्त झाला आणि गोळी ताटलीच्या मधोमध लखलखीत उरली.

"साभार परत," नवरा म्हणाला. "सोड आता नाद."

"अहो, काल नुसती हुंगली होती. आज चाटली तरी."

तिसऱ्या दिवशी तिने गोळीची पूड करून माशाच्या पाण्यात कालवली. सासूबाईंनी जीभ लावली, थांबल्या, दाराकडे रोखून पाहिलं. दाराआड दोघंही जागच्या जागी थिजली. मग हळूहळू ताटली रिकामी झाली.

नवऱ्याने ती उचलून खालची बाजूसुद्धा तपासली. "गेली गं पोटात."

"आता नऊच राहिल्या," ती म्हणाली आणि ताटली धुवायला घेऊन गेली.