रागाने शिवलेली पिशवी

मी एक जुनी पिशवी आहे आणि माझा जन्म भांडणातून झाला.

मित्रांनो, मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. नाहीतर तुमच्यापैकी किती जणांनी माझ्या जातीच्या पिशव्यांत ओले मोजे कोंबले आणि पुढच्या सुटीपर्यंत ते तसेच विसरले, हे मला चांगले ठाऊक आहे. मला गोड बोलता येत नाही. ज्या घरात मी शिवली गेले, त्या घरात ती चाल नव्हती. तरी ऐका.

शर्यतीच्या सायकलला कॅरिअर नसतो. तिचा सांगाडा हलका, चाके बारीक, आणि कॅरिअर अडकवायला लागणारी भोकेसुद्धा तिला ठेवलेली नसतात. असल्या सायकलवरून दूरच्या प्रवासाला निघायचे तर सामान न्यायचे कुठे? त्याचे उत्तर मी. सीटखाली दोन पट्टे, सीटच्या दांडीला एक पट्टा, आणि मागच्या चाकावर हवेत लांबलेले माझे राखी अंग. तोंड गुंडाळून बकल लावले की पाणी आत शिरत नाही.

माझी मालकीण अंगाने बारीक, स्वभावाने पिळदार, आणि एकदा गाठ बसली की सुटायची नाही. म्हणून घरात तिला सुतळी म्हणत. सुतळीच्या भावाची बायको म्हणजे वहिनी. वहिनी दुकानांचे छत, टेम्पोची ताडपत्री, तंबू असले जाडजूड शिवायची. नणंद-भावजयीचे पटत नसे. हे सांगायला माझी गरज नाही. मोरीतल्या भांड्यांच्या आवाजावरून शेजाऱ्यांनाही ते कळत असे.

वहिनीचे आणखी एक भांडण होते आणि ते याहून खोल गेले होते. ते तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीशी. त्यांची आई गेली तेव्हा आईचे शिलाई मशीन वहिनीने उचलून आणले. धाकटीचे म्हणणे, आईने ते मला कबूल केले होते. वहिनीचे म्हणणे, आईच्या आजारपणात रात्री जागले कोण? झाले, दोघींचे बोलणे तुटले. पुढे धाकटीला मुलगी झाली. वहिनीने एक दुपटे शिवून पाठवले. पार्सल न उघडता परत आले. पुन्हा पाठवले, पुन्हा परत आले. पिवळे, मऊ, कडेने निळी टीप घातलेले ते दुपटे कपाटात पडून राहिले, आणि बाळ तिकडे वाढू लागले. बाळे काही कोणाचा रुसवा संपायची वाट बघत नाहीत.

आता गंमत बघा. धाकटी राहायची घाटापलीकडच्या गावात, आणि सुतळीचा रस्ता नेमका त्याच गावातून जाणार होता.

वहिनीने शब्द टाकला. सुतळी तेव्हा वजन कमी करायला स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून बघत होती. कपड्यांच्या आतल्या चिठ्ठ्या तिने कातरून टाकल्या होत्या. टूथब्रशचा दांडा अर्धा कापला होता. उबदार जाकीट दोनदा काट्यावर चढून शेवटी खुंटीला परत गेले होते.

"माझ्या ब्रशला दांडा नाही," सुतळी म्हणाली, "आणि तुझं दुपटं नेऊ?"

"त्याला वजन असं कितीसं आहे?"

"दुपट्याला नाही गं. तुमच्या भांडणाला आहे."

 सुतळीला पिशवी हवी होती आणि ती वहिनीच शिवू शकत होती, कारण जाड कापड पेलणारे मशीन तेवढे तिच्याकडेच. तुझी शिवण पहिल्या खड्ड्यात उसवेल, असेही सुतळीने वर ऐकवून ठेवले होते. तरी वहिनी म्हणाली, शिवून देते, घे. ही नरमाई बघून मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी तेव्हा तंबूचा उरलेला तुकडा होते. तुकड्याला कुठली अक्कल?

वहिनीने मला रागाने शिवले. रागाने घातलेली टीप घट्ट बसते, हे मी अंगावरून सांगते. तिने प्रत्येक जोडावर दुहेरी टीप घातली आणि दोरा ताडपत्रीचा घेतला. मग तिने माझ्या तळाला आतून आणखी एक कापड लावले आणि त्या दोन थरांच्या मध्ये ते पिवळे दुपटे सपाट घडी करून ठेवले. चारी बाजूंनी शिवून टाकले. सुतळीने तळ दाबून बघितला तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाली, चिखल उडतो ना, म्हणून जाड केलाय. आणि गावात पोचलीस की फोन कर. तिचा बेत सरळ होता: सुतळी घाट उतरून गेली की फोनवर सांगायचे, तळ उसव आणि दुपटे पोचव. तेवढ्या लांबून शिव्या दिल्या तर ऐकून घेता येतात.

बेत चांगला होता. पण वहिनीने माप घेतले ते उभ्या सायकलवर, रिकाम्या पिशवीचे. सामान भरल्यावर पिशवी खाली बसते, हे ताडपत्री शिवणारीला कोण सांगणार? सुतळीशी बोलली असती तर कळले असते. तळ दोन बोटे जाड झाला होता, आणि मागचे चाक तेवढेच जवळ आले होते.

दुसरी चूक सुतळीची. जड सामान माझ्या पोटात सीटकडे ठेवायचे आणि हलके कपडे शेपटीकडे, हे तिला पाठ होते. पण निघायच्या सकाळीही वहिनीशी वाजलेच; दुधाच्या भांड्यावरून, की दाराच्या कडीवरून, आता आठवत नाही. त्या तणतणीत तिने आधी कपडे कोंबले आणि पाने-पंप-पंक्चरची हत्यारे शेवटी, माझ्या अगदी टोकाला.

पहिला दिवस सपाटीचा होता आणि खरे सांगते, मला मजा आली. चहाच्या टपरीवर एका ट्रकवाल्याने मला बोटाने टकटक वाजवून बघितले आणि ही भारी वस्तू कुठे मिळाली म्हणून विचारले. सुतळी म्हणाली, घरीच केली. कोणी केली ते नाही सांगितले. मी जळले.

दुसऱ्या दिवशी घाट लागला. सुतळी पेडलवर उभी राहिली की मी डावीकडे उजवीकडे झुलायची, आणि ती दात चावून वहिनीच्या नावाने बोटे मोडायची. हत्यारे कोणी कुठे भरली, हे तिने एकदाही आठवले नाही. माणसांचे हे एक मला आवडते: दोष ठेवायला त्यांना कधी जागा कमी पडत नाही.

माथा आला आणि उतार सुरू झाला. रस्ता उखडलेला होता. प्रत्येक खड्ड्याला मी खाली आपटायची आणि फिरते चाक माझा तळ ओरबाडून जायचे. खर्र. पुन्हा खर्र. सुतळीला वाटले, ब्रेक वाजतोय. मित्रांनो, ओरडता येत नाही म्हणजे दुखत नाही, असे समजू नका. एका वळणावर तळ फाटला आणि आतले पिवळे कापड चाकाला लागून जळका वास सुटला. तेव्हा कुठे सायकल थांबली.

सुतळीने मला उलटी केली. भोकातून दुपट्याचे टोक बाहेर आले होते. तिने ते ओढून काढले. घडीच्या मधोमध नाण्याएवढी काळी जळकी खूण आणि भोक. तिने कठड्याला टेकून फोन लावला.

"वहिनी, तळात काय शिवलंयस?"

पलीकडे चालू असलेले मशीन थांबले. मग वहिनीने विचारले, "फाटलं का ते?"

पुढे सुतळी जे बोलली ते लिहिण्याजोगे नाही. मला काय टपालाची गाडी समजलीस का, मी या उतारावर पडले असते तर, तुझ्या हट्टापायी माझे हाड मोडले असते, असे पुष्कळ. वहिनीने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, हत्यारे टोकाला भरली होतीस ना? निघताना मी बघितले होते. मग तेव्हाच का नाही बोललीस, असे सुतळी किंचाळली. वहिनी म्हणाली, तू कधी बोलू दिलंस? आणि मग म्हणाली, "राहू दे. टाकून दे तिथंच."

फोन बंद झाला.

सुतळीने दुपटे कठड्यावर ठेवले. वर एक दगड ठेवला. माझा फाटका तळ तिने पंक्चरसाठी आणलेल्या जादा ट्यूबने आवळून सीटला वर बांधला आणि ती सायकलवर बसली. पण वारा सुटला होता. माथ्यावर निघालेला घाम अंगावर थंड पडला होता. तिची बोटे ब्रेकवर वळेनात आणि दात वाजायला लागले. उबदार जाकीट घरी खुंटीवर आरामात होते. दोन वळणे ती तशीच उतरली. मग थांबली, एक सणसणीत शिवी हासडली, आणि सायकल हातात धरून चढ चढून परत आली. दगड बाजूला केला. दुपटे उलगडून शर्टाच्या आत छातीला लावले आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

मी मागून सगळे बघत होते. ज्या वस्तूला तिने काट्यावरही ठेवले नव्हते, ती आता तिला ऊब देत होती. मी हसले असते, पण माझे पोट बांधलेले होते.

धाकटीची खोली एका गल्लीत, जिन्याखाली होती. दाराशीच दिवा, खाली गोणपाट, आणि लोकांचे फाटके कोट, शाली दोरीवर ओळीने. आईचे मशीन गेल्यावर धाकटीने हाताचे काम धरले होते. ती रफू करायची. बाळ तिच्या खांद्यावर झोपले होते. सुतळीने शर्टातून दुपटे काढून पुढे धरले.

"कोणी पाठवलं?" तिने विचारले.

"तिनंच."

"मग परत ने."

"परत नेणार नाही," सुतळी म्हणाली. "मला तिचा पुळका नाही. माझं तिच्याशी पटतही नाही. पण हे इथवर मी आणलंय. आता याचा भार मी वाहणार नाही."

धाकटीने ते ढकलायला हात पुढे केला. दुपटे सुतळीच्या अंगाने गरम झालेले होते. धाकटीचा हात त्याच्यावरच राहिला. मग तिच्या बोटांना ते भोक लागले.

"याला काय झालं?"

"चाक लागलं."

"कोणाची चूक?"

मला वाटले, सुतळी आता वहिनीचे नाव घेणार. तिने तोंड उघडलेही. पण ती म्हणाली, "दोघींची."

मित्रांनो, रफू करणाऱ्या बाईला भोक दाखवून तुम्ही भांडत राहू शकत नाही. धाकटी दिव्याकडे वळली, जळका भाग तिने नखाने खरवडला, आणि दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून बाळ सुतळीच्या हातात दिले. "मान धर तिची. अशी नाही, अशी." सुतळीला सायकल सोडून काही धरायची सवय नव्हती. ती काठीसारखी ताठ बसली. बाळाने झोपेतच तिच्या शर्टाची चेन मुठीत पकडली, आणि पुढे सगळे काम होईपर्यंत सुतळीने श्वाससुद्धा बेताने घेतला.

धाकटी शिवत होती आणि बोलत होती. एक शब्द चांगला नव्हता. आईचे मशीन घेऊन बसली आणि एवढी अक्कल नाही. पार्सल परत आले तर स्वतः यायला पाय मोडले होते का? एका बाळाला दुपटे द्यायचे तर पिशवीत लपवून, चोरीच्या मालासारखे? दुपट्यातले भोक हळूहळू दिसेनासे झाले. मग तिने मला ओढले, माझ्या तळाची कड बोटाने चाचपली आणि दुहेरी टीप बघितली. "टीप मात्र आईसारखीच घालते," असे पुटपुटली आणि लगेच, जणू चोरी पकडली गेली, तशी आणखी जोरात बोलू लागली. जाड सुईने तिने माझ्या तळाला एका जुन्या कोटाचे तपकिरी ठिगळ लावले. धाकटी डावखुरी होती. तिचा प्रत्येक टाका उलट्या बाजूला कललेला होता.

निघताना ती सुतळीला म्हणाली, "तिला सांग, मी दुपटं घेतलं नाही म्हणून."

"सांगते," सुतळी म्हणाली.

उरलेला प्रवास मी सरळ केला. हत्यारे सीटकडे गेली होती, तळ सपाट होता, आणि झुलणे थांबले होते. घरी आल्यावर सुतळीने मला वहिनीच्या मांडीवर टाकले. "घे, तुझी शिवण. फाटली ती फाटलीच." मग दाराकडे तोंड करून म्हणाली, "तिनं घेतलं नाही."

वहिनीने बकल सोडले. आत दुपटे नव्हते. तिने मला उलटी केली. तपकिरी ठिगळावर तिचा अंगठा फिरला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, उलट्या कललेल्या टाक्यांवरून.

"नाही घेतलं म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"बरं," वहिनी म्हणाली.

ती उठून आईच्या मशीनपाशी गेली. दिवसभराचे काम पडले होते, पण तिने कापड लावले नाही. तिने मशीनचे चाक पुसले, भोकाभोकांत तेल घातले आणि पट्टा ताणून बघितला. मग वळून सुतळीला म्हणाली,

"तुझ्या त्या सायकलला कॅरिअर बसतच नाही का गं?"

त्याला पुष्कळ काळ लोटला. ते मशीन घाटापलीकडे कसे गेले, ते मी सांगू शकत नाही. माझ्यातून गेले नाही, एवढे खरे. बहिणी आता रोज फोनवर भांडतात. वहिनी आणि सुतळीचेही भांडण चालू आहे. फक्त निघायच्या आदल्या दिवशी वहिनी येते, सामानाला हात लावते आणि जड काय ते सीटकडे सरकवते. सुतळी बघते आणि तिला करू देते. माझ्या जागी आता विकतची, चकचकीत पिशवी लागते. मी दारामागच्या खिळ्याला असते. माझ्यात जुन्या ट्यूबा भरतात, आणि पावसातून आल्यावर कोणी कोणी मला ओलीच टांगते.

म्हणून सांगते, आणि प्रेमाने सांगत नाही. ओली पिशवी उघडी करून वाळवा. सुटे पट्टे चाकात जाऊ देऊ नका. प्रवासाला निघण्याआधी सामान भरलेल्या पिशवीवर एकदा हाताने भार देऊन बघा, चाक किती दूर राहते ते. आणि तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला कचऱ्यात टाकण्याआधी उलटी करून तिचा तळ बघा. तिथे कोणाचे टाके आहेत ते घरातल्या बायकांना विचारा. एखादी सांगणार नाही. तिच्या अंगठ्याकडे बघा.